सिस्टरचा डाव

"हात उचलला, चाल झाली."

हे म्हणताना सिस्टर उजवा तळहात टेबलावर आपटायच्या. फार जोरात नाही, पण कपातला चहा हलेल इतपत. समोरच्याने चाल मागे घ्यायला पुढे केलेला हात मग जागच्या जागी थांबायचा. मेडिकल ऑफिसर असोत, अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर असो, नाहीतर तालुक्याहून तपासणीला आलेले साहेब असोत, या नियमापुढे सगळे सारखे.

तुम्हीही नोकरीत असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याचं नाव फक्त मस्टरवर असतं. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणखी दोन सिस्टर होत्या, त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत. नुसतं 'सिस्टर' म्हटलं की याच. मीही इथे तेवढंच म्हणणार आहे आणि केंद्राच्या गावाचं नावही सांगणार नाही. शेलूबाजारला उतरून जीप धरली की पाऊण तासात ते गाव येतं, एवढं पुरे.

मी तिथे औषधाच्या खिडकीवर रुजू झालो त्या पहिल्याच दुपारी, ओपीडी संपल्यावर, सिस्टर खिडकीपाशी आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने भक्कम, केसांत एक जाड पांढरी बट.

"भाऊ, खेळता का?"

"काय?"

"काईबी. बसा त खरं."

लसींच्या फ्रीजमागे एक टेबल होतं. त्यावर सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला, आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढलेला आमचा जिल्हा. किन्हीराजा, शेलूबाजार, रिठद, मालेगाव अशी गोल गोल गावं आणि मधले रस्ते. प्रत्येक खेळाडूची एक जीप. जीप म्हणजे इंजेक्शनच्या कुपीवरचं रंगीत टोपण. सिस्टरची नेहमी लाल. सवाऱ्या भरायच्या, ज्या त्या गावी सोडायच्या. जो जास्त सोडेल तो जिंकला. वाटेत चिठ्ठ्या उचलायच्या, त्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिलेल्या: 'पंक्चर, एक पाळी थांबा.' 'वरात आडवी आली, मागच्या गावी जा.' 'गुरुजी अप-डाऊनवाले, चार सीट पक्क्या.' 'नवरी रुसली, रिठदपर्यंत सोडून द्या.' हा सगळा खेळ सिस्टरनी स्वतः बनवलेला होता.

त्या दिवशी माझी जीप नऊ सवाऱ्या घेऊन वरातीमागे अडकली ती अडकलीच. सिस्टरनी दरम्यान अख्खा जिल्हा पोचवून टाकला होता.

"पहिलाच दिवस होता माझा," मी म्हणालो.

"म्हनून त नियम समजावून सांगतले. जिंकाचं कसं, थे तुमचं तुमी पाहा."

त्यांचं माहेर रिठदचं. लहानपणी भावाने वाशीमहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, कॅसेट घालायचा. गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या घरी जमायची आणि बहिणीच्या वाट्याला चहा आणणं यायचं. "मी चहा आनू आनू पाह्यलं," त्या सांगायच्या. "कोनता रणगाडा कुठून येते, कवा येते, सारं पाठ झालं." एक दिवस भाऊ तापाने झोपलेला, खेळायला एक माणूस कमी पडला, म्हणून हिला बसवलं. संध्याकाळपर्यंत हिने गल्ली साफ केली. पुढे पंधरा दिवस एकही पोरगा त्या घराकडे फिरकला नाही. हे सांगताना सिस्टर इतक्या हसायच्या की शेवटी खोकला लागायचा.

किन्हीराजाला लग्न होऊन आल्या तेव्हा भावाने तोच गेम त्यांच्या सामानात बांधून दिला. नवरा शेतकरी, सोयाबीन-तुरीत बुडालेला, बोलणं मोजकं. संध्याकाळी रानातून आले की हातपाय धुऊन ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे आणि पडद्यावर बायकोचा खेळ पाहायचे. स्वतः कधी गेमचा रिमोट हातात घेतला नाही. घ्या म्हटलं तर, "पाहाले मजा येते," एवढंच. उंदराने रिमोटची वायर कुरतडली तेव्हा मात्र अर्धा दिवस बसून त्यांनीच जोडली.

मग गेमची नवी मशीनं आली. भाऊ पुण्याला स्थायिक झाला होता, तो कुरिअरने पटावरच्या खेळांचे खोकेही पाठवायचा. आत इंग्रजी नियमांची पुस्तकं. सिस्टर डिक्शनरी घेऊन बसायच्या, आणि दोन दिवसांनी आम्हाला वऱ्हाडीत खेळ समजावायच्या, "याच्यात आपन माळी हावो. बगीचा लावाचा, अन् दुसऱ्याच्या बगिच्यात बकरी सोडाची."

गावात बोलणारे बोलायचे. एवढी मोठी बाई, सरकारी नोकरीतली, आणि पोरांसारखी खेळते. एका बाईने तोंडावर विचारलं तेव्हा मी शेजारीच होतो. सिस्टर म्हणाल्या, "तू शिरियल पाह्यतं न? थे लोक भांडतात, तू पाह्यतं. मी सोता भांडतो."

कोणालाही मुद्दाम जिंकू द्यायचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच नव्हती. आमच्या मेडिकल ऑफिसरांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी हार-नारळ झालं, पेढे वाटून झाले, आणि साहेब शेवटचा डाव खेळायला बसले. ड्रायव्हर सिस्टरच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब चालले. आज त जिंकू द्या."

"चालले म्हनून त खरं खेळाचं," सिस्टर मोठ्याने म्हणाल्या. साहेब हरले. जाताना त्यांनी फक्त सिस्टरला वाकून नमस्कार केला. आम्ही त्याची बरेच दिवस थट्टा केली.

आता पुढचं सांगायचं म्हणजे मला माझ्याबद्दलही सांगावं लागेल, आणि ते तितकं सोपं नाही.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सिस्टरना आपली लाल जीप शेलूबाजारला ठेवायची होती. तिथे पाच सवाऱ्या उभ्या होत्या. त्यांनी टोपण उचललं, बोटं थरथरली, टोपण निसटून घरंगळलं आणि बाजूच्या रिकाम्या गावात जाऊन बसलं. ड्रायव्हर ताक ओतून घेत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

"उचला सिस्टर, सुटलं हातातून," मी म्हणालो.

सिस्टरनी टोपणाला हात लावला नाही. मग टेबलावर हात न आपटता, हळूच म्हणाल्या, "हात उचलला, चाल झाली."

तो डाव त्या हरल्या.

त्या दिवसापासून मी बघायला लागलो. त्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ पडला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहायचे, जशी कोणी गोळी वळतंय. मी औषधं देणारा माणूस. ही खूण मी अभ्यासात वाचली होती आणि ती कशाची ते मला कळत होतं. सोंगट्या ठेवायला त्यांना वेळ लागायचा. कधी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायच्या. आणि टोपण चुकीच्या गावात पडलं, तरी त्या आपला नियम मोडत नव्हत्या.

मला त्यांचं हरणं बघवेना. मी चुका करायला लागलो. भरलेली जीप उगाच लांबच्या रस्त्याने न्यायची, सवाऱ्या दिसल्या नाहीत असं करायचं. त्या पुन्हा जिंकू लागल्या. आपण किती समजूतदार आहोत, असं मला तेव्हा वाटत होतं. खरं सांगायचं तर मला माझंच कौतुक वाटत होतं.

आणि याच काळात लसीकरणाच्या दिवशी सिस्टर बाळांना इंजेक्शनं देत होत्या. ते मला दिसत नव्हतं असं नाही. सुई हातात आली की हाताचा कंप थांबतो, असं मी स्वतःला सांगायचो. बहुतेक वेळा तो थांबायचाही.

थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस त्यांचे यजमान खिडकीपाशी आले. चिठ्ठी नाही, काही नाही. खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत उभे राहिले. मागची रांग संपू दिली. मग पिशवीतून त्यांनी गेमचा रिमोट काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला.

"भाऊ, तुमाले याच्यातलं काई समजते का?"

"काय झालं त्याला?"

"थे म्हनते खराब झाला. बटन वक्तावर लागत नाही म्हनते. तीनदा खोलून पाह्यला म्या. आतून एकदम साफ हाये." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिमोटच खराब हाये न भाऊ?"

तेव्हा बोलायला हवं होतं. त्यांनी दार उघडून दिलं होतं आणि मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी रिमोट हातात घेतला, बटणं दाबल्यासारखं केलं आणि म्हणालो, "रबर घासलं असेल आतलं."

"तसंच असन," ते म्हणाले. रिमोट पिशवीत घातला आणि गेले.

संक्रांतीच्या आधीचा लसीकरणाचा दिवस. आशाताई वाड्या-वस्त्यांवरून बाया घेऊन आल्या होत्या, व्हरांडा भरला होता. मी खिडकीतून बघत नव्हतो, पण एकदम आवाज बंद झाला म्हणून मान वर केली. नुसती बाळंच रडत होती, माणसांचा आवाज नव्हता.

सिस्टरच्या समोर एक बाई बाळाची मांडी घट्ट धरून बसली होती. सिस्टरच्या उजव्या हातात सिरिंज होती, आणि तिची सुई त्यांच्या स्वतःच्या डाव्या अंगठ्यात रुतलेली होती. बाळाला काही झालं नव्हतं. सुई चार बोटं चुकली होती, एवढंच.

सिस्टरनी सुई ओढून काढली, डब्यात टाकली, अंगठा नळाखाली धरला. मग दुसऱ्या सिस्टरला म्हणाल्या, "तू दे." आवाज नेहमीचा होता. खुर्ची सोडून त्या सरळ माझ्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, तुमाले कदीपासून मालूम होतं?"

"कशाचं सिस्टर?"

"माह्यासंग आता खेळू नोका. सांगा."

मी सांगितलं. "पोळ्यापासून."

त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले. ओठ हललेले मला दिसले. अंगठ्यावर कापूस धरला होता, तो लाल होत होता.

"चार महिने," त्या म्हणाल्या. "चार महिने म्या लेकरायच्या मांडीत सुया टोचल्या. मले वाटे, डाव त जिंकून राह्यली मी, म्हंजे हात ठीक असन. थकवा असन. अन् तुमी मले जिंकू देऊन राह्यले होते?"

मी काहीतरी म्हणालो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी.

"कच्चा लिंबू केलं तुमी मले," त्या म्हणाल्या. लहानपणी एखादं फारच छोटं पोर खेळात घ्यावं लागलं तर त्याला कच्चा लिंबू म्हणतात, ते आउट झालं तरी धरत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. "मी लायनी पोर होय का भाऊ? एखांद्याच्या लेकराच्या हाडाले सुई लागली असती मंग?"

मी फळीवरची पुढची चिठ्ठी उचलली. 

अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. सिस्टरनी स्वतः अर्ज लिहून दिला की आपल्याला इंजेक्शनच्या कामावरून काढावं. मग त्यांना रजिस्टरं आली, लसींचा साठा आला. अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं. ओळीच्या सुरुवातीला मोठं आणि शेवटाला मुंगीएवढं.

दुपारचा डाव थांबला नाही. ड्रायव्हर, शिपाई, नवे डॉक्टर, सगळे फ्रीजमागे जमायचे. मला कोणी येऊ नका म्हटलं नाही. पण मी पहिल्या दिवशी जाऊन बसलो तेव्हा सिस्टरनी माझी सोडून सगळ्यांच्या जीपा काढल्या. मी उठलो आणि माझा डबा औषधाच्या खोलीत खाल्ला. पुढेही तसाच खात राहिलो.

महिनाभराने मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. चुकलं माझं, म्हणालो.

"राग नाही भाऊ," त्या म्हणाल्या, आणि तो खरंच नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "पन तुमच्यासंग बसली का मले समजनार नाही, मी जिंकली का तुमी जितवली. मंग खेळून काय करू?"

पुढच्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाला मीही चार शब्द बोललो, त्यातलं एकही मला आठवत नाही.

किन्हीराजाला मी एकदाच गेलो. एका रविवारी सकाळी, काही औषधं पोचवायचं निमित्त करून. अंगणात कडुनिंबाखाली खाट होती, खाटेवर एक प्लायवूडची फळी. पुठ्ठ्यावरचा जिल्हा यजमानांनी फळीवर उतरवला होता. प्रत्येक गावाला एक भोक पाडलं होतं, आणि टोपणांच्या जागी बाभळीच्या लाकडाच्या खुंट्या तासल्या होत्या, म्हणजे भोकात बसली की खुंटी हलणार नाही. समोर यजमान बसले होते. जो माणूस वीस वर्षं दाराच्या चौकटीला टेकून नुसता बघत होता, तो आता खेळत होता. अतिशय संथ, अतिशय वाईट, आणि मनापासून. एकेका चालीला कपाळाला आठ्या.

"सकाऊन दोन डाव हरलो," ते मला अभिमानाने म्हणाले. मग फळीकडे बघून सिस्टरना म्हणाले, "भाऊले घे न एका डावात."

सिस्टरची मान आता सावकाश वळायची. चेहऱ्यावर हसू उमटायलाही वेळ लागायचा. त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"भाऊ पाहुने हायेत," त्या म्हणाल्या. "चहा ठेवा न त्यायच्यासाठी."

मी चहा घेतला. त्यांचा डाव पूर्ण होईपर्यंत बसलो आणि निघालो.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात त्या न्हाणीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळल्या, आणि छातीत कफ भरून गेल्या. आम्ही सगळे केंद्रातले अंत्यविधीला गेलो होतो. ड्रायव्हर लहान मुलासारखा रडला.

तेरवीला अंगणात पंगत बसायच्या तयारीत असताना एक अनोळखी माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पण जुना शर्ट, हातात पिशवी. बोलणं मराठवाड्याचं. चपला काढून तो तसाच उभा राहिला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमी कोन पाहुने? माहेरचे का?"

"नाही," तो म्हणाला. "आम्ही खेळायचो."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. मी त्याला बाजूला घेतलं. तो जिंतूरकडचा शिंपी होता. मोबाइलवर एक खेळ खेळायचा, समोरच्याची घरं एकेक चाल करून काबीज करायचा, आणि चार वर्षं त्याचा रोजचा गडी म्हणजे सिस्टर. नाव दुसरंच लावलेलं, फोटो नाही. दोघं कधी फोनवर बोलले नव्हते. फक्त डाव संपला की एक दोन शब्द लिहायचे. 'उद्या.' 'बरं.' तीन आठवडे उत्तर आलं नाही, तसा त्याने लिहून विचारलं होतं. यजमानांनी कोणाकडून तरी उत्तर लिहून घेतलं आणि पत्ताही दिला. दोन गाड्या बदलून तो आला होता.

तो आत जाऊन हार घातलेल्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला.

"मला वाटायचं कॉलेजचं पोरगं असंल एखादं," तो म्हणाला. "एकदासुद्धा सोडलं नाही ओ मला. एकदासुद्धा."

यजमान त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.  मग यजमानांनी त्याचा हात धरून त्याला पंगतीत नेऊन बसवलं, माहेरच्या माणसांत.

जेवणं झाल्यावर मी त्याला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला गेलो. मालेगावकडची जीप यायची होती. उन्हात उभे होतो. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"एक विचारू का सर? शेवटच्या वर्षी ताई लई वेळ लावायच्या. एकेका चालीला दहा दहा मिनटं. कधी कधी चाल भलत्याच घरात जायची. मी आपलं मशीन चालवीत बसायचो. चाल आली की बघायचो, चुकलेली दिसली की त्यांचं घर घ्यायचो. मला वाटायचं, तुमच्याकडं रेंज नसंल." तो माझ्याकडे बघत होता. "रेंजच नव्हती ना?"

लांबून जीप येताना दिसली. आत माणसं खचाखच भरलेली, एक जण मागे लटकलेला.

"हो," मी म्हणालो. "आमच्याकडे रेंजचा फार त्रास आहे."

"तेच म्हणलं," तो म्हणाला. जीप थांबली, तसा तो पिशवी पोटाशी धरून आत सरकला, आणि लटकलेल्या माणसाला म्हणाला, "या, आत या, होतंय बसायला."